तिसऱ्या कडीच्या वर मोडलेली काठी

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, धंदा गळाच्या काठ्या बनवणे व दुरुस्त करणे, त्याआधी काठ्यांच्या कारखान्यात हमी विभागाची तपासनीस, ओळखीपाळखीत 'हमीबाई' म्हणून प्रसिद्ध, हे मृत्युपत्र स्वखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय, पूर्ण शुद्धीत आणि चष्मा लावून लिहीत आहे. बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. स्वभावाचा दाखला कोणी मागितला नाही, ते बरेच झाले.

मृत्युपत्राची घाई अशासाठी की येत्या गुरुवारी माझ्या हृदयाची एक झडप काढून दुसरी बसवायची आहे. नव्या झडपेची हमी किती वर्षांची, असे मी डॉक्टरीणबाईंना विचारले. त्या म्हणाल्या, पंधरा वर्षे सहज जाते. लेखी द्याल का, म्हटले, तर हसायला लागल्या. आयुष्यभर हमीची कलमे वाचलेल्या बाईला हसून कटवता येत नाही, म्हणून मी माझ्याकडची कलमे लिहून ठेवत आहे.

कलम १. याआधी केलेले मृत्युपत्र रद्द. ते मी मुलाशी भांडण झाल्याच्या दुसऱ्या दिवशी केले होते आणि त्यात त्याला फक्त छत्री ठेवली होती.

कलम २. राहते घर, त्यातल्या सामानासह, माझ्या मुलाला. तो दूरच्या शहरात नोकरी करतो, दर रविवारी फोन करतो आणि दर रविवारी दुकान बंद कर म्हणतो. मागच्या खेपेला मी त्याला सांगितले, "अरे, दीडेकशे माणसांकडे माझ्या सहीचं कार्ड आहे. आजन्म हमी लिहिलंय त्यावर." तो म्हणाला, "आई, लाइफटाइम म्हणजे तुझी लाइफ. तू गेलीस की हमी पण गेली. लोकांना कळतं एवढं." हे तो प्रेमानेच म्हणाला, मला थोडा आराम मिळावा म्हणून. पण नेमक्या त्याच वाक्यामुळे दुकान त्याला मिळणार नाही. घर त्याने विकावे, ठेवावे, रंग बदलावा, माझी हरकत नाही. न्हाणीघराचे दार उचलून लावावे लागते, हे घेणाऱ्याला आधी सांगावे.

कलम ३. दुकान, म्हणजे पुढची खोली, मागची खोली आणि वरचा माळा, मी माझी सहकारी दोरेवाली हिच्या नावे करते. काठीला गळाची दोरी ओवायच्या कड्या बसवल्यावर त्यांच्या पायांवरून जो रेशमी दोरा गुंडाळतात, ते काम ती गेली अठरा वर्षे माझ्याकडे करते आहे. तिच्या हातचा दोरा सुटलेला मी एकदाही पाहिला नाही. तोंड मात्र तिला आवरत नाही. तिने मला केलेल्या एकूण उपदेशांपैकी निम्मे बरोबर निघाले.

कलम ४. दुकानासोबत हमीही जाईल. दोरेवालीने दुकान घ्यायचे तर माझ्या सहीच्या प्रत्येक कार्डासह घ्यायचे. ही अट आहे, विनंती नाही. पुढे वाद नको म्हणून नियम इथे स्पष्ट करते.

कारखान्याच्या कार्डावरही 'आजन्म हमी' असेच छापलेले असे. खाली बारीक अक्षरांत लिहिलेले असे की आजन्म म्हणजे काठीचा जन्म, माणसाचा नव्हे, आणि तो किती हे कारखाना ठरवील. हमी फक्त पहिल्या मालकाला. बापाने मुलाला काठी दिली की हमी संपली. कार्ड खरेदीपासून महिन्याभरात भरून पाठवलेले पाहिजे. मोडलेले सगळे तुकडे परत पाठवले पाहिजेत. माल किंवा कारागिरी यात दोष असेल तर बदली मिळेल, अपघात झाला असेल तर मिळणार नाही. ते मॉडेल बंद झाले असेल तर 'समतुल्य' काठी मिळेल, आणि समतुल्य म्हणजे गोदामात जे पडून असेल ते.

माझ्या दुकानात असे चालत नाही आणि माझ्यामागेही चालणार नाही. हमी काठीला आहे. काठी ज्याच्या हातात, हमी त्याची, मग तो मुलगा असो, जावई असो की जुन्या बाजारातून घेतलेला परका माणूस. दोष आपला असेल तर बदली, आणि ती तितक्याच लांबीची, तितक्याच वाकाची किंवा त्याहून सरस. दोष आपला नसेल तर दुरुस्ती करून द्यायची आणि काय चुकले ते शांतपणे सांगायचे. गाडीच्या दारात सापडलेली काठी चपटी होते. छताच्या पंख्याने मारलेली टोकाशी तिरकी तुटते. काठी उभी धरून मासा उचलायला गेलेल्याची शेंड्याजवळ मोडते. सांधा पुरता न बसवता गळ फेकणाऱ्याची सांध्याच्या तोंडाशी फाटते. एक गृहस्थ एकाच गाडीच्या एकाच दारात तीन काठ्या घालून माझ्याकडे आले आणि तिन्ही वेळा मासा फार मोठा होता म्हणाले. त्यांनाही शांतपणेच सांगायचे. मला ते जमले नाही.

आणि दावा नाकारायचा झाला तर माणसासमोर बसून नाकारायचा, आणि त्याआधी तुकडा दुसऱ्या कोणालातरी दाखवायचा. हा नियम मी का केला ते कलम ७ मध्ये आहे.

कलम ५. बँकेतली ठेव या हम्या निभावण्यासाठी. मुलाने यावर नाक मुरडू नये. त्याचे शिक्षण याच काठ्यांनी केले.

कलम ६. हत्यारांची वाटणी. बुचाच्या मुठी घासायचे यंत्र, रोगण सुकवायचा फिरता रहाट आणि सगळ्या कानशी दोरेवालीला. शेजारच्या कुलूपवाल्याचे छिद्रयंत्र माझ्याकडे गेली सहा वर्षे आहे, ते त्याला परत द्यावे. माझी शिडी त्याच्याकडे नऊ वर्षे आहे, ती त्याने आधी आणून द्यावी. माझ्या पाटीसमोर त्याने स्वतःची मोठी पाटी लावली त्याबद्दल मी त्याला माफ केलेले नाही. मात्र माझ्या छातीत कळ आली त्या दिवशी कुलूप न उघडता दार खांद्याने तोडून आत आला तो हाच, आणि कुलूपवाल्याने दार तोडणे ही त्याच्या धंद्याला केवढी नामुष्की, हे मला कळते. म्हणून पाटी राहू द्यावी.

कलम ७. वाइस. मागच्या खोलीतल्या टेबलाला ठोकलेला, काठी पकडून धरणारा जुना लोखंडी वाइस मी कारखाना बंद पडला तेव्हा तिथून आणला. त्याच्या डाव्या जबड्याचा एक दात उडालेला आहे. तो दात कोणी भरू नये, जबडा घासू नये, वाइस विकू नये. कारण सांगण्यासाठी मला सव्वीस वर्षे मागे जावे लागेल आणि वकीलबाईंनी याला आक्षेप घेतला तरी मी जाणार आहे.

कारखान्यात माझे काम एकच, परत आलेले तुकडे पाहून मंजूर किंवा नामंजूर लिहिणे. साहेब पाहुण्यांना घेऊन यायचे आणि सांगायचे, "यांच्या नजरेतून काही सुटत नाही." मला ते ऐकून अंगावर मूठभर मांस चढायचे. खोटे का बोलू.

माझा मोठा भाऊ शाळेत गणित शिकवायचा. आमचे वडील लवकर गेले, मला शिकवले दादाने, तळ्याच्या काठावर गळ टाकायलाही शिकवले दादाने. मी कारखान्यात लागले तेव्हा त्याने आमच्याच कारखान्याची काठी विकत घेतली, पुऱ्या किमतीला. कर्मचाऱ्यांची सवलत घे म्हटले तर म्हणाला, "बारके, सवलत तुझी आहे, माझी नाही." कार्ड त्याने त्याच दिवशी भरले होते.

चार वर्षांनी त्या काठीचे तुकडे वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या टेबलावर आले. माझ्याकडे घरी न देता, नियमाप्रमाणे टपालाने. अर्जातल्या 'काठी कशी मोडली' या रकान्यात त्याच्या सुवाच्य अक्षरात लिहिले होते, "मोठा मासा लागला असताना, तिसऱ्या कडीच्या वर. काठी वाजवी कोनात होती." कोन अंशांत दिला होता.

मी तुकडा पाहिला. मोडाच्या खाली दोन्ही बाजूंनी चपटा झाला होता. दारात सापडल्याची इतकी स्वच्छ खूण मी क्वचितच पाहिली होती. मी लिहिले, "नामंजूर. वाहनाच्या दारात चेंगरल्याच्या खुणा. ग्राहकाचे कथन विश्वासार्ह नाही." शिक्का मारला. भाऊ आहे म्हणून सूट दिली नाही याचा मला अभिमान वाटला, हेही लिहून ठेवते.

दादा दुसऱ्या आठवड्यात कारखान्यात आला. कारकुनांच्या देखत त्याने हळू आवाजात विचारले, "बारके, तुला वाटतं मी खोटं लिहिलं?"

मी म्हणाले, "मला काही वाटत नाही दादा. काठी सांगते ते मी लिहिते."

तो "बरं" म्हणाला आणि गेला. बाहेर त्याने सायकलचे कुलूप काढलेले मी खिडकीतून पाहिले. दादाकडे गाडी नव्हती, कधीच नव्हती. सायकलला दार नसते, ही गोष्ट मला त्या खिडकीत उभी असताना सुचायला हवी होती. मी मनाशी म्हटले, कोणाच्यातरी गाडीतून गेला असेल.

त्यानंतर आम्ही बोललो नाही. लग्नाकार्यात भेट झाली तर तो तिसऱ्याला सांगायचा, "तिला विचारा, चहा घेणार का." वहिनी गेली तेव्हा मी पायरीवर बसून परत आले. भाची मला आत्या म्हणते, फोन करते, पण बापाचा विषय दोघीही टाळतो.

तो तुकडा मी अर्जासकट नमुन्यांच्या पेटीत ठेवला होता. नव्या तपासनिसांना शिकवताना तोच काढून दाखवायचे. "हे बघा, दार असं दिसतं." किती जणांना दाखवला असेल, देव जाणे.

चार वर्षांपूर्वी दोरेवालीने एक नवी काठी घाईत वाइसमध्ये पकडली, जबड्यांना चामड्याची गादी न लावता. मी तिच्यावर ओरडले. काठी बाहेर काढली तर दोन्ही बाजूंनी चपटी झालेली, आणि डावीकडे चपट्या खुणेत मधेच बारीकसा उंचवटा, जिथे दात नाही तिथला. मी तो उंचवटा ओळखला. वाइससोबत कारखान्यातून आणलेली नमुन्यांची पेटी काढली. दादाच्या तुकड्यावर तोच उंचवटा होता, त्याच जागी, तेवढाच.

सगळे आठवले. त्या आठवड्यात कारखान्यातली गादी फाटलेली होती आणि नवी आली नव्हती. दादाच्या तुकड्यावरचा दोरा सोडवायला मी तो वाइसमध्ये घट्ट पकडला, मधेच साहेबांनी बोलावले, तासाभराने परत आले आणि बाहेर काढून तपासायला घेतला. माझ्याच वाइसचा चावा मी गाडीचे दार म्हणून वाचला. मग मी मोडाच्या तोंडाशी थर सोलून पाहिले. काठी ज्या कार्बनच्या कापडाची वळतात त्याचा एक पदर आत कोरडा होता, चिकटवणारी राळ तिथपर्यंत पोचलीच नव्हती. दोष शंभर टक्के कारखान्याचा होता. दादाने लिहिलेला शब्दन् शब्द खरा होता, कोनासकट. त्या आठवड्यात मी दार म्हणून नाकारलेले आणखी दोन तुकडे पेटीत होते. तेही तपासले. त्यांवर गाड्यांचा रंग होता आणि उंचवटा नव्हता. म्हणजे चूक एकच केली आणि ती त्याच्याच बाबतीत केली.

हे कळून चार वर्षे झाली. मी त्याला सांगितले नाही. दर खेपेला निघायचे ठरवले आणि दर खेपेला कोणाची तरी काठी तातडीची निघाली. खरे कारण एवढेच की मला भीती वाटत होती, आणि लाजही.

कलम ८. मागच्या खोलीत खुंटीवर हिरव्या पिशवीत असलेली काठी माझ्या मोठ्या भावाला. ते मॉडेल बंद होऊन जमाना झाला, म्हणून मी ती नव्याने बनवली. आधी चार केल्या, वाक जुळला नाही म्हणून नाकारल्या. ही पाचवी. माझ्या मृत्यूनंतर दोरेवालीने ती नेऊन द्यावी, सोबत तो तुकडा आणि जुना अर्ज द्यावा, आणि कलम ७ वाचून दाखवावे.

कलम ९. माझ्यामागे भाषणे नकोत. दुकान एक दिवस बंद ठेवावे, दोन नाही.

पुरवणी. वरील मजकूर मी शनिवारी पुरा केला आणि चुका तपासायला दोरेवालीकडे दिला. तिने कलम ८ वर बोट ठेवले.

"बाई, माणूस मेल्यावर बदली देणारं दुकान आपण कधीपासून झालो?"

मी म्हटले, तू शुद्धलेखन बघ.

"ते बघितलं. तुमचे दादा अठ्ठ्याहत्तरचे. तुमची झडप चांगली बसली आणि तुम्ही पंधरा वर्षं जगलात तर? ते आधी गेले तर मी ही काठी कोणाला देऊ?"

मी कागद माझ्याकडे ओढले. ती दोरा गुंडाळत बसली आणि थोड्या वेळाने म्हणाली, "नाकारायचं तर समोर बसून, असं तुम्हीच लिहिलंय वर. मग मंजूर करायचं झालं तर दुसऱ्याच्या हातून का?"

मंगळवारी सकाळच्या पहिल्या बसने मी गेले. सोबत काठी, तुकडा आणि अर्ज. डॉक्टरांनी जिने चढू नका म्हटले होते. दादा दुसऱ्या मजल्यावर राहतो. प्रत्येक वळणावर थांबत, कठडा धरत चढले. दार त्यानेच उघडले. किती बारीक झाला आहे. मला पाहून त्याने आत वळून सवयीने म्हटले, "तिला विचारा, चहा..." आणि थांबला, कारण आत कोणीच नव्हते.

मी म्हटले, "घेईन."

टेबलावर मी तुकडा ठेवला, वाइसचा फोटो ठेवला आणि अर्ज ठेवला. 'नामंजूर'वर मी काट मारली होती आणि खाली लिहिले होते, "मंजूर. चूक तपासनिसाची. ग्राहकाचे कथन पूर्णपणे खरे." तारीख घातली होती, सही केली होती. त्याला सांगायची वाक्ये मी बसमध्ये पाठ केली होती. त्यांतले एकही आठवले नाही. मी म्हटले, "दादा, तू खरं लिहिलं होतंस. मी चुकले. चार वर्षं माहीत असून आले नाही." आणि मग मला रडू आले. मृत्युपत्रात असे लिहायची पद्धत नाही, पण आले.

त्याने चष्मा लावला. अर्ज पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला, मुलांचे पेपर वाचायचा तसा. तुकडा उजेडात धरला, उंचवट्यावरून नख फिरवले, फोटोशी ताडून पाहिले. मी काट्यांवर बसल्यासारखी बसले होते.

शेवटी म्हणाला, "एक पेपर तपासायला सव्वीस वर्षं लागली तुला?"

"हो."

"आणि तो मासा? त्याची बदली?"

"मासा हमीत येत नाही, दादा."

तो हसला. आधी नुसते खांदे हलले, मग आवाज आला. मग चष्मा काढून बराच वेळ पुसत बसला. काठी त्याने पिशवीतून काढली, सांधा बसवला, पुरता बसला का ते दोनदा पाहिले, आणि तिसऱ्या कडीच्या वर बोट ठेवून हळूच वाकवून बघितली. "चांगली केलीस बारके," म्हणाला. आईवडिलांनंतर मला बारके म्हणणारा तो एकटाच आहे. चहा त्यानेच केला. साखर विसरला. मी सांगितले नाही.

सबब कलम ८ रद्द. ती काठी आता माझ्या मालमत्तेत नाही.

दुसरी दुरुस्ती. साक्षीदार म्हणून वकीलबाईंनी त्यांच्या कारकुनाचे नाव घातले होते, ते खोडले आहे. मृत्युपत्रात ज्याला काही मिळते त्याने साक्ष घालू नये, असे वकीलबाई म्हणाल्या. मी विचारले, आणि ज्याला आधीच मिळाले आहे त्याचे काय? त्या म्हणाल्या, त्याची हरकत नाही. कुलूपवाल्यालाही काही मिळत नाही, त्याचीच वस्तू त्याला परत जाते, तेव्हा तोही चालेल. शिडी त्याने आज आणून दिली.

बाकी सर्व कलमे कायम. वरील मजकूर मी वाचला, मला वाचून दाखवला, तो माझ्या इच्छेप्रमाणे आहे. उद्या सकाळी मला दवाखान्यात दाखल व्हायचे आहे. परत आले तर यातले काही बदलायचा माझा विचार नाही.

ठिकाण : दुकानाची मागची खोली, वाइसचे टेबल
दिनांक : १५ नोव्हेंबर, बुधवार, दुपार

मृत्युपत्र करणारी : सही (हमीबाई)

आम्ही दोघांनी त्यांना आमच्यासमोर सही करताना पाहिले, त्यांनी आम्हाला पाहिले.

साक्षीदार पहिला : सही (शेजारी, धंदा कुलपांचा. पाटी तशीच राहील असे कलम ६ मध्ये आहे, ते मी वाचले.)

साक्षीदार दुसरा : सही (सख्खा मोठा भाऊ, निवृत्त गणितशिक्षक. या मृत्युपत्रान्वये मला काहीही मिळत नाही. जे मिळायचे होते ते काल मिळाले. नव्या काठीचे कार्ड आज भरले असून त्यावर हमी देणाऱ्याची सही बाकी आहे. ती मी शुक्रवारी दवाखान्यात येऊन घेईन. तिने तेवढ्यासाठी हजर राहावे.)